उपकरणांचं निर्जंतुकीकरण आणि त्याच्या मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयाच्या सीएसएसडीत, म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागात काम करते. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून आलेली उपकरणं धुवायची, तपासायची, बांधायची आणि ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला लावायची, हे माझं रोजचं काम. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, छोट्या नर्सिंग होमचे डॉक्टर, डेंटल क्लिनिकमधल्या मुली आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धास्तावलेले नातेवाईक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अवघड नंतर. जिथे उत्तर दुसरीकडे दिलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वच्छ, जंतुनाशकात बुडवलेलं आणि निर्जंतुक, यात फरक काय?

स्वच्छ म्हणजे रक्त, पू, मळ निघून गेलेला. जंतुनाशकात बुडवलं की त्यावरचे बहुतेक जिवाणू-विषाणू मरतात, पण बीजाणू उरू शकतात. निर्जंतुक म्हणजे बीजाणूंसकट सगळं मेलेलं.

सगळा घोळ या बीजाणूंचा आहे. धनुर्वाताचा किंवा गॅस गँगरीनचा जिवाणू परिस्थिती बिकट झाली की स्वतःभोवती टणक कवच करून घेतो आणि निपचित पडून राहतो. मातीत असा वर्षानुवर्षं राहतो. जखमेत शिरला की जागा होतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा बीजाणू परत परत येईल.

२. शंभर टक्के निर्जंतुक असं काही असतं का?

नसतं, आणि हे ऐकून बरेच जण दचकतात. जंतू एकदम मरत नाहीत, टप्प्याटप्प्याने मरतात. समजा एका उपकरणावर १० लाख बीजाणू आहेत आणि ठरावीक तापमानाला दर २ मिनिटांनी त्यातले ९० टक्के मरतात. २ मिनिटांनी १ लाख उरले, ४ मिनिटांनी १० हजार, असं करत १२ मिनिटांनी एक उरला. १४ मिनिटांनी? अर्धवट बीजाणू तर नसतो. म्हणून तिथून पुढे शक्यतेची भाषा सुरू होते: अशा १० उपकरणांपैकी एकावर एखादा बीजाणू जिवंत असेल. आणखी १० मिनिटांनी ही शक्यता १० लाखांत एक इतकी खाली येते. जगभर शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी हीच मर्यादा मानली जाते.

आता हाच हिशोब उलट करून पाहा. सुरुवातीला १० लाखांऐवजी १०० कोटी जंतू असले तर तेवढ्याच वेळात शक्यता हजारपटीने वाढते. यंत्र तेच असतं, वेळही तेवढीच. फरक फक्त धुण्यात झालेला असतो. (प्रश्न ९ पाहा.)

३. प्रत्येक वस्तू ऑटोक्लेव्ह करायलाच हवी का?

नाही. अमेरिकेतल्या अर्ल स्पॉल्डिंग यांनी घालून दिलेली वाटणी आजही सगळीकडे चालते. जे रक्तात किंवा शरीराच्या आतल्या निर्जंतुक भागात जातं ते निर्जंतुकच हवं: चाकू, आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), सुई, इम्प्लांट (शरीरात बसवून ठेवायचा भाग). जे तोंड, घसा, आतडं यांच्या ओल्या अस्तराला लागतं त्याला निदान उच्च दर्जाचं जंतुनाशन हवं: लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात घालायच्या उपकरणाचं ब्लेड, गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे तोंडावाटे जठरात जाणारी दुर्बीण. जे फक्त धड कातडीला लागतं, जसा बीपीचा पट्टा किंवा स्टेथोस्कोप, ते नीट पुसलं तरी पुरतं. बाळाची दुधाची बाटली धुऊन उकळली की पुरे, तिला ऑटोक्लेव्हची गरज नाही.

४. पूर्वी डॉक्टर सुया उकळून वापरायचे. मग आता उकळणं का चालत नाही?

उकळत्या पाण्यात बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात. बीजाणू मरतील याची खात्री नसते. काही जातींचे बीजाणू तासन्‌तास उकळूनही टिकतात. तेव्हा पर्याय नव्हता म्हणून ते करत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्यांचं उदाहरण आज देण्यातही नाही.

उंचीचाही फरक पडतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे. तिथे पाणी १०० अंशांना नव्हे, ९५-९६ अंशांनाच उकळतं.

५. ऑटोक्लेव्हमध्ये असं काय वेगळं होतं?

दाबाखाली पाण्याची वाफ १०० अंशांच्या वर जाते. १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सिअस, ३० पौंडांच्या आसपास १३४ अंश. बांधलेले पॅक साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटं ठेवतात. आधी निर्वात करून घेणाऱ्या यंत्रात १३४ अंशांना साडेतीन-चार मिनिटं पुरतात. ही मिनिटं आतलं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे.

लोक विचारतात की मारतो तो दाब का? मारते ती वाफ. दाब फक्त तिला तेवढं तापू देतो. १ ग्रॅम वाफ थंड उपकरणावर पडून पाणी होते तेव्हा ५४० कॅलरींच्या आसपास उष्णता एकदम सोडते. ओव्हनमध्ये २०० अंशांच्या हवेत क्षणभर हात घालता येतो, पण कुकरच्या वाफेने तेवढ्यातच भाजतं. शिवाय वाफेतला ओलावा जंतूंची प्रथिनं गोठवतो, अंडं उकडल्यावर पांढरं व्हावं तशी.

दाबाखाली वाफ कोंडणारं भांडं दनी पापँ यांनी १६७९ साली केलं. त्यावरून शार्ल शाम्बरलाँ या पाश्चरांच्या सहकाऱ्याने १८७९ साली ऑटोक्लेव्ह घडवला. म्हणजे घरातला कुकर आणि ओटीतला ऑटोक्लेव्ह एकाच घराण्यातले.

६. मग घरातला प्रेशर कुकर चालेल का?

तत्त्व तेच आहे आणि शिट्टीचं वजनही साधारण १५ पौंडांचंच असतं. तरीही रुग्णावर वापरायच्या उपकरणांसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. कुकरला तापमापक नसतो, नोंद राहत नाही, हवा पूर्ण गेली की नाही कळत नाही आणि शेवटी पॅक कोरडा होत नाही. क्लिनिकसाठी छोटे टेबलटॉप ऑटोक्लेव्ह मिळतात, तेच घ्या.

७. काटा १५ पौंड दाखवतोय. म्हणजे काम झालं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

काटा दाब मोजतो. तो दाब वाफेचा आहे की हवेचा, हे त्याला कळत नाही. भांड्यातली सगळी हवा निघालेली असेल तर १५ पौंडांना १२१ अंश मिळतात. अर्धीच हवा निघाली असेल तर तोच काटा तिथेच उभा राहतो, पण आत ११२ अंशच असतात. हवा अजिबात काढली नसेल तर १०० च्या आसपास, म्हणजे तुम्ही उपकरणं फक्त उकळल्यासारखी तापवली. हवा वाफेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी बसते आणि घट्ट बांधलेल्या गाठोड्याच्या पोटात दडून राहते.

इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट भागातल्या रुग्णालयात १९७२ साली दूषित ग्लुकोज सलाईन दिल्यामुळे रुग्ण दगावले. क्लोदियर समितीने चौकशी केली. कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकली होती आणि खालच्या थरातल्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. तापमान नोंदवणारं यंत्र ते सांगत होतं. यंत्रच बिघडलंय असं समजून दुसऱ्या काट्यावर विश्वास ठेवला गेला. नव्या मुलींना मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगते. दोन मापकांचं जमत नसेल तर जो वाईट बातमी देतो तो खरा धरायचा आणि लोड, म्हणजे एका वेळी यंत्रात भरलेलं सगळं सामान, परत लावायचा.

उभ्या, साध्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेचा जोरदार, सलग झोत येईपर्यंत वरचा कॉक उघडा ठेवा. घाईत लवकर बंद केला की पुढचं सगळं वाया. ड्रमच्या, म्हणजे गॉज-कापड ठेवायच्या धातूच्या डब्याच्या, बाजूच्या खिडक्या आत ठेवताना उघड्या, बाहेर काढल्यावर लगेच बंद. वाट्या आणि किडनी ट्रे उताणे ठेवू नका, कलते ठेवा, म्हणजे त्यात हवा साठत नाही. मध्यम आकाराचे पॅक करा, आणि दोन पॅकमध्ये हाताची बोटं जातील एवढी जागा सोडा.

उंचीवर काटाही फसवतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्याने १५ पौंडांना १२१ नाही, ११८-११९ अंश मिळतात. घाटावरच्या दवाखान्यांनी तापमान पाहावं, दाब नाही.

८. पॅकवर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या. हा निर्जंतुक असल्याचा पुरावा नाही का?

नाही. पॅक तापातून गेला एवढंच त्या रेघा सांगतात. न लावलेला पॅक लावलेल्यांत मिसळू नये, हे त्यांचं काम, आणि ते त्या चोख करतात. आतपर्यंत वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे बाहेरच्या टेपला माहीत नसतं. त्यासाठी पॅकच्या पोटात रासायनिक पट्टी ठेवतात.

निर्वात यंत्रात रोज सकाळी पहिल्या लोडच्या आधी बोवी-डिक चाचणी करतात. रिकाम्या भांड्यात फक्त चाचणीचा पॅक, १३४ अंश, साडेतीन मिनिटं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला पाहिजे. मध्ये फिका गोल राहिला तर तिथे हवा अडकली होती, आणि त्या दिवशी ते यंत्र बंद.

खरा पुरावा जिवंत बीजाणूंचा. वाफेसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, ईटीओ वायू (प्रश्न १५) आणि कोरड्या उष्णतेसाठी (प्रश्न १४) बॅसिलस अ‍ॅट्रोफियस. लोडमधून काढलेली कुपी ठरलेल्या उबेत ठेवायची. जांभळी राहिली तर बीजाणू मेले, पिवळी झाली तर जिवंत आहेत. शेजारी एक न लावलेली कुपीही ठेवायची आणि ती पिवळी झालीच पाहिजे. तीही जांभळी राहिली तर चाचणीच फुकट. इम्प्लांटचा लोड या कुपीचा निकाल येईपर्यंत सोडू नये.

९. ऑटोक्लेव्ह सगळं मारतो, मग धुण्यावर एवढा भर कशाला?

कारण वाफेने जंतू मारायचे तर ती जंतूपर्यंत पोचायला हवी. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली ती नीट पोचत नाही. न धुता तापवलं तर रक्त पोलादावर भाजून बसतं आणि मग कायमचं ठाण मांडतं.

कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या इनचार्ज सिस्टरनी ऑटोक्लेव्हमधून निघालेला, बाहेरून आरशासारखा चकचकीत आर्टरी फोर्सेप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “उघड पूर्ण, आणि बघ.” दोन पाती जिथे एकमेकांत अडकतात त्या सांध्यात भिंगाखाली तपकिरी रेघ दिसली. त्यावर त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला. फस्‌ करून फेस आला. ते रक्त होतं. तो फोर्सेप मीच आदल्या संध्याकाळी धुतला होता, मिटलेला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. उपकरण ओटीतून ओलसर यावं, वाळू द्यायचं नाही. आधी थंड किंवा कोमट पाणी. कडक गरम पाण्याने रक्त गोठून चिकटतं. मग एन्झाइमचं द्रावण, प्रत्येक सांधा उघडा, सुटे होणारे भाग सुटे. पाण्याखाली धरून ब्रशने घासायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पोकळ नळीला तिच्या मापाचा ब्रश, आणि तो दुसऱ्या टोकातून बाहेर आलेला दिसला पाहिजे. नंतर असेल तर अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र. शेवटी शुद्ध पाण्याने खळबळणं, कोरडं करणं आणि भिंग. हे सगळं जाड हातमोजे आणि चष्मा घालून.

१०. ओटी उशिरा संपते. उपकरणं रात्रभर सलाईनमध्ये किंवा ब्लीचमध्ये बुडवून ठेवली तर?

दोन्हीत नको. दोन्हीतला क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही खातो आणि बारीक खड्डे पडतात. पुढच्या वेळी घाण त्याच खड्ड्यांत बसते. ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकातही धुण्याआधी बुडवू नका, त्याने प्रथिनं घट्ट चिकटतात. एन्झाइमचा फवारा मारून वर ओलं फडकं झाकून ठेवा, आणि शक्यतो रात्रीच धुवा.

११. नव्या उपकरणांवर पांढरे आणि तपकिरी डाग का पडतात?

बहुतेक वेळा पाण्यामुळे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार सुकून बसतात. शेवटचं खळबळणं आणि ऑटोक्लेव्हमधलं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड ठेवा. तपकिरी डाग खोडरबराने घासून पाहा. निघून गेला आणि खाली पोलाद गुळगुळीत असेल तर तो डाग होता. खाली खड्डा दिसला तर तो गंज. ते उपकरण वेगळं काढा, नाहीतर शेजारच्यांनाही लागतो.

१२. पॅक बाहेर काढला तेव्हा दमट होता. वाळवून वापरू का?

नाही. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात, टिपकागदातून शाई झिरपावी तसे. पॅक सोडायचा, नव्या कापडात बांधायचा, परत लावायचा. बहुधा लोड जास्त भरलेला असतो, नाहीतर बाहेर काढायची घाई झालेली असते. गरम पॅक थंडगार स्टीलच्या टेबलावर ठेवला तरी खालून पाणी सुटतं.

एका छोट्या दवाखान्यात मी दमट ड्रम पंख्याखाली उघडून वाळवताना पाहिला आहे. तिथल्या मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची चूक मी धरत नाही. त्यांना न शिकवता त्या कामाला लावणाऱ्यांची धरते.

१३. बांधलेला पॅक किती दिवस चालतो?

तारखेपेक्षा त्याचं काय झालं हे महत्त्वाचं. फाटला, भिजला, दाबला गेला, जमिनीवर पडला, की संपला, मग कालचा का असेना. बंद कपाटात कोरडा राहिलेला पेपर-प्लॅस्टिकचा पाऊच दुहेरी कापडापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आपल्या रुग्णालयाने ठरवलेली मुदत पाळा, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती ताणू नका. ड्रम मात्र एकदा उघडला की त्यातला उरलेला गॉज निर्जंतुक धरू नये.

१४. हॉट एअर ओव्हन कशासाठी?

पावडर, तेल, व्हॅसलिन आणि काच. यांत वाफ शिरत नाही किंवा ती त्यांना बिघडवते. १६० अंशांना २ तास किंवा १७० ला १ तास. कापड आणि रबर जळतं.

१५. प्लॅस्टिक, कॅमेरा, केबल, असं उष्णता न सोसणारं सामान कसं करायचं?

एथिलीन ऑक्साइड, म्हणजे ईटीओ, हा वायू कमी तापमानाला खोल शिरतो आणि बीजाणूही मारतो. पण तो ज्वलनशील आहे, त्याने माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध आहे, आणि प्लॅस्टिकमध्ये तो मुरून राहतो. म्हणून नंतर ८ ते १२ तास गरम हवेत तो बाहेर काढावा लागतो. हे एअरेशन टाळून ‘केस लागलीय, आत्ताच द्या’ म्हणणाऱ्यांना मी देत नाही. त्याचा वास यायला लागला म्हणजे हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, तेव्हा वास येईपर्यंत थांबू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा तासाभरात होतो आणि मागे मुख्यतः पाणी आणि ऑक्सिजन उरतो. पण त्यात कापड, गॉज, कागद, द्रव चालत नाही आणि फार लांब-अरुंद नळ्यांच्या टोकापर्यंत तो पोचत नाही. किंचित ओलं उपकरण ठेवलं तरी यंत्र सायकल रद्द करतं.

१६. दुर्बीण ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवतो. पुरेसं आहे का?

छिद्र पाडून पोटाच्या आत घालायच्या दुर्बिणीसाठी आणि तिच्या उपकरणांसाठी, नाही. २ टक्के द्रावणात २० मिनिटांत होतं ते उच्च दर्जाचं जंतुनाशन. बीजाणू मारायला तेच द्रावण १० तास लागतं. दोन केसच्या मध्ये १० तास कोणाकडे असतात?

याची किंमत आपल्याकडे रुग्णांनी मोजली आहे. पित्ताशयाचं किंवा हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन छान होतं, पेशंट घरी जातो, आणि काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येते, मग पाणी. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद नाही. बऱ्याचदा तो क्षयाच्याच कुळातला पण वेगळा, पाण्यात राहणारा मायकोबॅक्टेरियम असतो आणि औषधं महिनोन्‌महिने चालतात. भारतातल्या शल्यचिकित्सकांनी असे रुग्ण वारंवार नोंदवले आहेत. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोत २००६-०७ च्या साथीत हजाराच्या आसपास संशयित रुग्ण सापडले, आणि तिथला जंतू २ टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही पुरून उरत होता.

अशा संसर्गामागे दोन चुका हातात हात घालून चालतात. एक, सांधे न सोडवता बुडवणं. आवरणाखालचं रक्त तसंच राहतं. दुसरी, द्रावणातून काढून नळाच्या पाण्याने धुणं. तो जंतू नळाच्याच पाण्यात असतो. जे ऑटोक्लेव्ह होतं ते ऑटोक्लेव्हच करा. आजच्या बऱ्याच दुर्बिणी १३४ अंश सोसतात, उत्पादकाचं पत्रक पाहा. उरलेल्यांसाठी प्लाझ्मा किंवा ईटीओ. एकदा तयार केलेलं द्रावण साधारण १४ दिवसांचंच, आणि तेही रोज पट्टीने ताकद तपासून.

१७. बंद डब्यात फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवल्या तर उपकरणं निर्जंतुक राहतात ना?

नाही. त्या वाफेची ताकद, ओलावा, तापमान यातलं काहीच डब्यात ताब्यात नसतं आणि ती नळ्यांच्या आत जात नाही. शिवाय फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, रोज डबा उघडणाऱ्या सिस्टरच्या नाकात ते जातं. परदेशात कमी तापमानाची वाफ आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र वापरणारी यंत्रं आहेत, पण ती वेगळी गोष्ट. गोळ्यांचा डबा ही सवय आहे, पद्धत नाही. ती मोडा.

१८. पार्लरमधलं आणि क्लिनिकमधलं निळ्या दिव्याचं यूव्ही कपाट?

प्रकाश पडतो तिथेच काम करतो. सांध्यात, दातऱ्यांत, खालच्या बाजूला सावली असते. ते धूळ न बसायला ठेवायचं कपाट समजा. कान टोचणं, टॅटू, न्हाव्याचा वस्तरा, सगळीकडे सुई-पातं नवं आणि समोर उघडलेलं हवं.

१९. एकदाच वापरायची वस्तू आपण निर्जंतुक करून परत वापरली तर?

सिरिंज, सुई, सलाईन सेट: कधीही नाही. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, अनेक जीव गेले, आणि तपासात परत वापरलेल्या सिरिंज-सुयांकडे बोट गेलं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत. सुईला परत टोपण लावत बसू नका.

कारखान्यातून येणाऱ्या अशा वस्तू बहुधा ईटीओ किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक झालेल्या असतात. गॅमासाठी कोबाल्ट-६० वापरतात, मात्रा साधारण २५ किलोग्रे. आपल्या तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९७४ पासून आयसोमेड हे त्याचं केंद्र आहे. किरण बंद खोक्यातून आरपार जातात, पॅक उघडावाच लागत नाही. पण ते प्लॅस्टिक एका फेरीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. महागड्या कॅथेटरच्या बाबतीत पैशाचा प्रश्न खरा आहे, मला तो रोज दिसतो. तरी बारीक नळीच्या आतलं रक्त निघालं हे डोळ्यांनी पाहता येत नसेल, तर मी ती निर्जंतुक म्हणून सही करत नाही.

२०. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीच्या पेशंटची उपकरणं वेगळी, दुप्पट वेळ लावायची का?

नाही. हे विषाणू उष्णतेपुढे बीजाणूंच्या मानाने अगदीच लेचेपेचे आहेत. बीजाणू मारणारी सायकल त्यांना सहज पुरते. हिपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकू शकतो, म्हणून धुणाऱ्याने जपायचं आणि लस घेतलेली हवी. पण पेशंटला ‘तुमचा संच वेगळा’ म्हणून शेवटच्या नंबरावर ढकलू नका. निम्म्या जणांचं निदानच झालेलं नसतं असं धरून प्रत्येक संच सारखाच करायचा.

२१. नातेवाईक म्हणून आम्ही काय विचारू शकतो?

पॅक आमच्या समोर उघडाल का? त्यावर तारीख आणि रेघा आहेत का? बीजाणूंची चाचणी किती दिवसांनी करता? नीट काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. दाताच्या डॉक्टरांना विचारा, हँडपीस, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा हातात धरायचा भाग, प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह होतो का. नुसता स्पिरिटने पुसत असतील तर तो निर्जंतुक नाही, स्पिरिट बीजाणू मारत नाही.

२२. सगळं निर्जंतुक होतं म्हणता, मग टाके पिकले कसे?

बऱ्याचदा जंतू पेशंटच्याच कातडीवरचे, नाकातले किंवा आतड्यातले असतात. कातडी ऑटोक्लेव्ह करता येत नाही. ती पुसून जंतू कमी होतात, संपत नाहीत. साखर वाढलेली असणं, ऑपरेशन लांबणं, अँटिबायोटिक वेळेवर न मिळणं, ओटीत सारखी ये-जा, सगळ्याचा वाटा असतो. एकाच ओटीत एकाच प्रकारचे पेशंट पाठोपाठ पिकले, तर मात्र पहिली शंका आमच्या विभागावर घ्या. आम्ही लोडचे नंबर त्यासाठीच लिहितो.

२३. मोतीबिंदूनंतर दुसऱ्याच दिवशी डोळा सुजला, पण तपासणीत जंतू सापडले नाहीत. असं होतं?

होतं. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, १२१ किंवा १३४ अंशांना नष्ट होत नाही. त्याला कोरडी २५० अंश उष्णता अर्धा तास लागते, आणि ती बहुतेक उपकरणं सोसत नाहीत. अल्ट्रासोनिकमधलं शिळं पाणी, नळ्यांत राहिलेला साबण, यांनीही डोळ्याच्या पुढच्या कप्प्याला अशी सूज येते, बहुधा १२ ते ४८ तासांत. पाणी प्रत्येक बॅचला बदला आणि बारीक नळ्या भरपूर शुद्ध पाण्याने धुवा. पेशंटने मात्र वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. जंतुसंसर्ग आहे की नाही हे तेच ठरवतील.

२४. एंडोस्कोप नियमाप्रमाणे धुऊनही त्यातून संसर्ग होतो का?

होऊ शकतो, आणि ही मर्यादा उपकरणाच्या घडणीतच आहे. पित्तनलिकेसाठी वापरतात त्या ड्युओडेनोस्कोपच्या टोकाला वर-खाली होणारा बारीक तुकडा असतो. त्याच्या मागे ब्रश धड पोचत नाही. तिथे जंतू बायोफिल्म करतात, न धुतलेल्या माठाच्या आतल्या बुळबुळीत थरासारखा, आणि त्याखाली औषध शिरत नाही. २०१५ साली लॉस एंजेलिसमध्ये अशा स्कोपमधून अनेक औषधांना न जुमानणारे जंतू पसरले. दोन मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. उत्पादकाच्या सूचना पाळूनही ते घडलं होतं. त्यानंतर टोक बदलता येणारे आणि एकदाच वापरायचे स्कोप आले. आपण करू शकतो ते हे: काढल्याबरोबर जागेवरच धुणं, आणि आतून पूर्ण कोरडा करून उभा टांगून ठेवणं.

२५. ऑटोक्लेव्हलाही न मरणारं काही असतं का?

प्रायॉन. तो ना जिवाणू, ना विषाणू. चुकीची घडी पडलेलं प्रथिन. त्याने क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा, बरा न होणारा आजार होतो. झुरिकमध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूत वापरलेले इलेक्ट्रोड बेंझिनने पुसून, अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफेतून काढून दोन तरुण रुग्णांवर वापरले गेले. दोघांनाही तो आजार झाला. १९७७ साली हे जगापुढे आलं. दोन वर्षांहून जास्त काळानंतर तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवले, तेव्हा त्यालाही तो झाला.

नेहमीची सायकल यासाठी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या पर्यायांत तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर भिजवणं आणि १३४ अंशांना १८ मिनिटं यांचा समावेश आहे. पण शक्य तिथे उपकरण जाळून टाकणंच योग्य. आजार फार दुर्मीळ आहे. तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या यादीत, झपाट्याने विसरभोळेपणा वाढलेला आणि निदान न झालेला पेशंट असेल, तर न्यूरोसर्जननी ओटीच्या आधी आम्हाला कळवावं. मग तो संच वाळू न देता, नाव-तारखेचं लेबल लावून वेगळ्या बंद डब्यात ठेवता येतो, आणि निदानाचा कागद हातात येईपर्यंत तो धुण्याच्या सिंकपर्यंत येतच नाही.